तपासनिसाला ओळखपत्र मागण्याविषयी

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक जळगावात शिकवतो, दुसरा धुळ्यात. विमानविद्येशी आमचा संबंध इतकाच, की आमच्या डोक्यावरून शिकाऊ विमाने जात असतात. धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबने आपले प्रशिक्षण आणले त्याला बरीच वर्षे झाली. शिरपूरला एनएमआयएमएसची वैमानिक अकादमी आहे. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने प्रशिक्षण संस्थांसाठी देशातील जे पाच विमानतळ निवडले, त्यांत जळगावचे नाव होते. दुपारच्या तासाला वरून घरघर ऐकू आली की मुले खिडकीकडे पाहतात, आणि खरे सांगायचे तर आम्हीही पाहतो.

गेल्या पावसाळ्यात एका जुन्या विद्यार्थ्याचा दूरध्वनी आला. एम.ए. झाल्यावर त्याने काही वर्षे तासिका तत्त्वावर काढली, सेट काही झाली नाही, आणि शेवटी सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एका कंपनीमार्फत परराज्यातील एका प्रशिक्षण धावपट्टीच्या फाटकावर तो उभा राहिला. त्याची अडचण अशी : ‘‘सर, पांढरी गाडी येते. आतला माणूस काच अर्धी खाली करतो आणि ‘डीजीसीए, इन्स्पेक्शन’ एवढेच म्हणतो. थांबवले तर आतून बोलणी बसतात. सोडले आणि तो भलताच कुणी निघाला तर नोकरी जाते. तुम्ही आम्हांला ‘अंमलदार’ शिकवले होते. त्या गावाने नेमके काय करायला हवे होते?’’

प्रश्न नागरी विमान वाहतुकीच्या महासंचालनालयाला विचारावा असा होता. पण तो आम्हांला विचारला गेला होता, आणि विचारणाऱ्याने साहित्याच्या दारातून विचारला होता. वीस वर्षे ‘अंमलदार’ शिकवूनही हा प्रश्न आम्हांला सुचला नव्हता, ही गोष्ट कबूल केलेली बरी. आम्ही त्या नाटकातला उपहास शिकवला, रूपांतराची भाषा शिकवली, भ्रष्ट नोकरशाहीवरचे भाष्य म्हणून चार मुद्दे लिहून दिले. गावाने काय करायला हवे होते, हे विचारायचे राहून गेले.

पु. ल. देशपांडे यांनी ‘अंमलदार’ लिहिले ते १९५२ साली. त्याचा आधार गोगोलचे १८३६चे नाटक. मूळ नाटक पुन्हा वाचायला घेतले तेव्हा एक तपशील डोळ्यांत भरला. खानावळीत उतरलेला तो तरुण कारकून स्वतःचे नाव खोटे सांगत नाही. त्याचा प्रवासाचा परवाना गावातल्या दोन रिकामटेकड्या जमीनदारांना ठाऊक आहे; तो पीटर्सबर्गहून सारातोव्हकडे निघालेला आहे, हेही त्यांना कळले आहे. म्हणजे ओळख पटलेली आहे. कागद आहे, कागद खरा आहे, नाव खरे आहे. चूक होते ती पुढच्या पायरीवर. तो पैसे देत नाही, गाव सोडून जात नाही, इतरांच्या ताटात निरखून पाहतो, त्या अर्थी तो तपासनीसच असणार, असे ते ठरवतात. कागदात काय लिहिले आहे ते त्यांनी वाचले. काय लिहिलेले नाही ते वाचले नाही. हा माणूस कोण, याचे उत्तर मिळाले होते. याला कोणी पाठवले, कशासाठी, आणि कुठवर हात घालायचा अधिकार दिला, याचे उत्तर कोणी मागितलेच नाही.

आणखी एक गोष्ट. सत्य बाहेर येते ते पोस्टमास्तरमुळे, आणि तेही त्याला लोकांची पत्रे फोडून वाचायची खोड आहे म्हणून. गावातली पडताळणीची एकमेव यंत्रणा ही एक गैरकृत्य आहे! शेवटी खरा तपासनीस आल्याची वर्दी येते आणि सगळे दगड होतात. रंगभूमीवरचा तो क्षण थोर आहे यात वाद नाही. पण त्या वेळीही कोणी कागद पाहत नाही. पहिला अंमलदार दोन गावगप्पिष्टांच्या सांगण्यावरून मानला. दुसरा एका शिपायाच्या सांगण्यावरून मानला. गाव काही शिकले, असे म्हणायला नाटकात आधार नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे आणि न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’मुळे मराठीच्या विद्यार्थ्याला ते परकेही नाही. पानिपतावर १७६१च्या जानेवारीत सदाशिवरावभाऊ पडले की नाही याविषयी लोकांच्या मनात संशय राहिला, आणि त्या संशयातून एक कनोजी ब्राह्मण भाऊसाहेब म्हणून उभा राहिला. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याची चौकशी झाली, तो तोतया ठरला, कैदेत पडला. म्हणजे निर्णय झाला होता आणि तो सरकारदप्तरी होता. तरीही १७७६ मध्ये रत्नागिरीच्या अंमलदारानेच त्याला मोकळे केले, आणि पाहता पाहता कोकणात त्याच्यामागे फौज जमली. त्या वर्षअखेर त्याला पकडून पुण्यात पुन्हा चौकशी करावी लागली, आणि मग देहान्त. आम्हांला यात तोतयापेक्षा दप्तराचे नशीब अधिक बोलके वाटते. उत्तर लिहून ठेवलेले होते. विचारणाऱ्यांनी ते दप्तराला विचारले नाही, समोर उभ्या असलेल्या माणसालाच विचारले. ‘तू भाऊसाहेब आहेस काय?’ असे तोतयाला विचारले तर तो काय सांगणार?

आधुनिक काळातले उदाहरण मुंबईचे. १९ मार्च १९८७ रोजी ऑपेरा हाउसजवळच्या एका नामांकित सराफी पेढीवर सीबीआयचा म्हणून छापा पडला. छापा घालणारा म्होरक्या तोतया होता. पण त्याच्याबरोबर आलेले सव्वीस जण तोतये नव्हते. त्यांनी वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून अर्ज केले होते, मुलाखती दिल्या होत्या, आणि आपण सरकारी नोकरीचा पहिला दिवस करीत आहोत अशीच त्यांची समजूत होती. पेढीतल्या लोकांनी त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिले असेल तर तिथे खोटेपणा दिसला नसणार, कारण तो नव्हताच. चेहऱ्यावरून माणूस ओळखतो असे म्हणणाऱ्यांनी या सव्वीस प्रामाणिक चेहऱ्यांचा विचार करावा.

आता विमानाकडे. विमानसुरक्षेचा निरीक्षक हा इतर तपासनिसांहून वेगळा का, हे आधी पाहिले पाहिजे. रेशन दुकानाचा तपासनीस खोटा निघाला तर चार पोती साखर जाईल. विमानसुरक्षेच्या निरीक्षकाला कायद्याने जी दारे उघडी आहेत, त्यांच्यामागे इंजिने आहेत, इंधन आहे, देखभालीच्या नोंदी आहेत, आणि चालत्या विमानात वैमानिकाच्या पाठीमागची बैठक आहे. १९४४च्या शिकागो कराराच्या सोळाव्या कलमाने तर प्रत्येक सदस्य देशाला आपल्या भूमीवर उतरलेल्या दुसऱ्या देशाच्या विमानाची झडती घेण्याचा व त्याची प्रमाणपत्रे पाहण्याचा अधिकार दिला आहे. अमेरिकेच्या नियमांत असे स्पष्ट लिहिले आहे की निरीक्षकाने आपले विहित ओळखपत्र वैमानिकाला दाखवले की त्याला कॉकपिटमध्ये विनाअडथळा प्रवेश दिलाच पाहिजे. या नियमाचा शब्दक्रम आम्हांला मार्मिक वाटतो. प्रवेश बिनशर्त आहे, पण आधी पत्र दाखवायचे आहे; आणि दाखवायचे आहे ते त्या क्षणी विमानाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला. अधिकार निरीक्षकाच्या खिशात आहे, तो बाहेर काढल्यावाचून सुरू होत नाही.

शिकागो कराराच्या नवव्या परिशिष्टात निरीक्षकाच्या ओळखपत्राचा नमुनाच दिलेला आहे. परदेशी कामावर जाणाऱ्या निरीक्षकाने ते पत्र, पारपत्र आणि आपल्या सरकारने दिलेला प्रवासाचा तपशील जवळ बाळगावा, अशी तिथे अपेक्षा आहे. तीन कागद कशाला, असा प्रश्न पडेल. गोगोलच्या गावाने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. पारपत्र माणूस कोण ते सांगते, ओळखपत्र त्याचे पद सांगते, आणि प्रवासाचा तपशील हे सांगतो की आज, इथे, या कामासाठी त्याला पाठवले आहे. गोगोलच्या कारकुनाजवळ पहिला कागद होता. उरलेले दोन नव्हते.

पण कागद तीन असोत की तेरा, ते सगळे ज्याच्या हातात आहेत त्यानेच आणलेले असतात. म्हणून खरा प्रश्न दप्तराचा. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत कॉकपिटमधल्या जादा बैठकीवर बसू पाहणाऱ्या वैमानिकाचे नुसते पत्र पाहणे पुरेसे मानले जाईना. त्याच्या कंपनीच्या नोंदीत तो आजही नोकरीत आहे काय, हे संगणकावर ताडून पाहण्याची व्यवस्था तिथे उभी राहिली. पत्रावरचे छायाचित्र माणसाशी जुळणे आणि पत्र नोंदीशी जुळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली फाटकावर होते. दुसरीसाठी फाटकावरून कुठेतरी दूरध्वनी लागावा लागतो, आणि पलीकडे उत्तर देणारा माणूस असावा लागतो.

आपल्याकडे ही दुसरी गोष्ट किती सहज सुटते हे २०११ साली दिसले. त्या वर्षीच्या जानेवारीत गोव्याला उतरताना एका प्रवासी विमानाचे पुढचे चाक आधी टेकले. आधी मागची चाके टेकायची असतात, एवढे आम्हां भाषेच्या माणसांनाही आता ठाऊक आहे. चौकशीत वैमानिकाच्या परवान्याचे कागद पाहिले गेले, आणि मोठा परवाना मिळवण्यासाठी दिलेली गुणपत्रिका बनावट असल्याचा आरोप पुढे आला. मार्चपर्यंत आणखी वैमानिक, काही दलाल आणि महासंचालनालयातील एक अधिकारी यांना अटक झाली. आता यातली मौज अशी, की ती परीक्षा महासंचालनालयच घेते, गुणपत्रिका महासंचालनालयच देते, आणि परवानाही महासंचालनालयच देते. म्हणजे आपल्याच घरातून निघालेल्या म्हणून दाखवलेल्या कागदाची, आपल्याच घरातल्या दुसऱ्या खोलीत जाऊन खात्री करायची होती. ती केली गेली नाही. रत्नागिरीच्या अंमलदाराने पुण्याच्या दप्तराला विचारले नव्हते, त्याला निदान घाट तरी आडवा होता.

खोटेपणा उघड झाल्यावर जो आवेश येतो त्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. मे २०२०मध्ये कराचीला विमान कोसळल्यानंतर महिन्याभरात पाकिस्तानच्या विमान वाहतूक मंत्र्यांनी संसदेत सांगून टाकले की देशातल्या ८६० वैमानिकांपैकी २६२ जणांचे परवाने संशयास्पद आहेत. जगभर खळबळ उडाली, युरोपने पाकिस्तानच्या राष्ट्रीय कंपनीला दारे बंद केली, ती उघडायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. आणि पुढे छाननी झाली तेव्हा त्या २६२ पैकी कितीतरी जणांचे परवाने खरे असल्याचे निघाले. दप्तर न पाहता कोणाला खरा म्हणणे आणि दप्तर नीट न पाहता कोणाला खोटा म्हणणे, ही एकाच आळसाची दोन रूपे आहेत. दुसऱ्यात आवाज मोठा असतो एवढेच.

आतापर्यंत आम्ही तोतयांविषयी बोललो. अडचण अशी की विमानसुरक्षेच्या बाबतीत तोतया निरीक्षक हा प्रकार दुर्मीळच असणार. खरी दुखरी जागा निराळी आहे, आणि तिथे ओळखपत्र अगदी अस्सल असते. ३१ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने भारताची श्रेणी उतरवली. आपल्या कंपन्यांना अमेरिकेकडे नवी उड्डाणे सुरू करता येईनात. मुख्य आक्षेपांपैकी एक असा होता की भारताकडे पुरेसे पूर्णवेळ, पात्र उड्डाण निरीक्षक नाहीत. निरीक्षणाच्या कामासाठी आपण विमान कंपन्यांचेच अनुभवी वैमानिक उसने घेत होतो. सरकारने त्या सुमारास अशा निरीक्षकांची पंचाहत्तर पदे मंजूर केली, आणि एप्रिल २०१५मध्ये श्रेणी परत मिळाली.

उसना निरीक्षक! या शब्दाजवळ आम्ही बराच वेळ थांबलो. तो खोटा नाही. त्याचे नाव खरे, पद खरे, अनुभव तर बहुधा पक्क्या सरकारी माणसापेक्षा जास्त. पण पगार ज्याच्याकडून येतो त्याच्याच घराची झडती घ्यायला तो निघालेला आहे. त्याच्या पत्रावर हे लिहिलेले नसते. आमच्यातील धुळेकराचे म्हणणे असे, की आकाशातला अनुभव असलेला माणूस कंपनीबाहेर मिळणारच कुठे. पात्रता आणि अलिप्तता एकाच माणसात मागणे म्हणजे चंद्र मागणे आहे. जळगावकराला हे पटत नाही. सरकारने बाजारभावाने पगार देऊन पूर्णवेळ माणसे ठेवली तर ती मिळतात, असे त्याचे मत, आणि २०१४ नंतर थोडेफार तसे झालेही. पण ऑगस्ट २०२५ मधल्या संसदीय समितीच्या अहवालात आकडा असा होता : महासंचालनालयाची मंजूर पदे १,०६३, त्यांपैकी भरलेली ५५३. त्याच वर्षी डिसेंबरात एका मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द होऊन देशभर प्रवासी ताटकळले, तेव्हा त्या कंपनीवर देखरेख करणाऱ्या चार निरीक्षकांना घरी पाठवण्यात आले. ते कंत्राटी होते. कंत्राटी माणसाला घरी पाठवणे सोपे असते हे आम्हां महाविद्यालयीन लोकांना कोणी सांगायला नको.

आमच्या व्यवसायाचा विषय निघालाच आहे तर तेही बोलू. परीक्षाकेंद्रांवर येणाऱ्या तपासणी पथकाला आपण ‘भरारी पथक’ म्हणतो. शब्द विमानाला शोभेल असा आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका केंद्रावर पर्यवेक्षणाला होतो. जीप आली, तीन माणसे उतरली, आणि न थांबता वर्गांकडे निघाली. प्राचार्य हात जोडून मागे. चहा सांगितला गेला. जिन्याजवळ आमचा एक जुना शिपाई स्टुलावर बसला होता. तो उठला आणि अगदी सहज म्हणाला, ‘‘साहेब, तुमनं कार्ड दखाडा.’’ साहेब थबकले. त्यांच्याजवळ कार्ड होते, नेमणुकीचे पत्रही होते. त्यांनी दाखवले, पण चेहरा असा की कोणी थोबाडीत मारली. ते गेल्यावर त्या शिपायाला कार्यालयात बोलावून समज देण्यात आली : मोठ्या माणसांशी कसे बोलावे ते शिक. आम्ही दोघे तिथे उभे होतो आणि काही बोललो नाही. विद्यार्थ्याची बाक तपासताना त्याचे ओळखपत्र, प्रवेशपत्र, सही, छायाचित्र असे सगळे ताडून पाहणारे आम्ही. पण ज्याच्या एका शेऱ्याने केंद्र रद्द होऊ शकते त्याला नाव विचारणे आम्हांला असभ्यपणाचे वाटले होते. ‘अंमलदार’ त्या वर्षी अभ्यासक्रमात होते.

शाळा तपासायला ‘दिपोटी’ यायचे त्या काळापासून हे आपल्या अंगात मुरलेले आहे. तपासनीस म्हणजे पाहुणा. त्याच्यासाठी भिंती रंगवायच्या, रांगोळी काढायची, नारळ आणि शाल तयार ठेवायची. पाहुण्याला ‘आपण कोण?’ विचारत नाहीत. नॅकची समिती येते तेव्हा आमच्याकडे हेच होते. तोरणे, ढोल, लेझीम. फेब्रुवारी २०२५मध्ये आंध्रातील एका अभिमत विद्यापीठाला चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या पाहणी समितीतील प्राध्यापकांना अटक केली, तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीत दोन दिवस हीच चर्चा होती. त्या समितीतले सारे जण खरेखुरे प्राध्यापक होते. ओळखपत्र मागितले असते तर त्यांनी हसत दाखवले असते. आणि आता ऑक्टोबर २०२५पासून महासंचालनालय वैमानिक प्रशिक्षण संस्थांनाही अक्षरांच्या श्रेणी देऊ लागले आहे. श्रेणी आल्या की तोरणेही येतील, अशी आम्हांला आपली भीती वाटते.

कोणी म्हणेल, हे सारे ठीक, पण धावपट्टीच्या फाटकावरची एक चौकशी आणि माणसाचा जीव यांचा संबंध काय? आमच्याकडे याचे उत्तर लांब शोधावे लागत नाही. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या अकादमीचे शिकाऊ विमान चोपडा तालुक्यात वर्डी गावाजवळ सातपुड्याच्या रानात पडले. प्रशिक्षक जागीच गेले, शिकणारी मुलगी जबर जखमी झाली. रस्ता नव्हता. पाड्यावरची आदिवासी माणसे पावसातून तिथवर चढली. एका बाईने आपले लुगडे सोडून दिले, त्याची झोळी करून मुलीला खाली आणले. त्या बाईने ना नाव विचारले ना कागद. जीव वाचवणाऱ्याने कागद विचारायचे नसतात, आणि ओळखपत्राचा आग्रह धरताना हे आम्ही विसरलेलो नाही.

पण त्याच जागी दुसऱ्या दिवसापासून काय सुरू होते त्याचा विचार करा. अपघातांच्या तपासासाठी २०१२पासून स्वतंत्र कार्यालय आहे. ज्याने परवाने दिले त्यानेच अपघाताचा तपास करू नये म्हणून ते महासंचालनालयापासून वेगळे काढले गेले. २०१७च्या नियमांनुसार अवशेषांना अधिकृत व्यक्तीशिवाय कोणी हात लावायचा नाही. अवशेषांपाशी कोण असतो? जवळच्या ठाण्यातला एखादा हवालदार. त्याच्यासमोर माणसे येतात : तपास कार्यालयाचा अधिकारी, महासंचालनालयाचा अधिकारी, संस्थेचा अभियंता, विमा कंपनीचा माणूस, विमान बनवणाऱ्याचा प्रतिनिधी, वार्ताहर, आणि स्वस्तात धातू मिळेल म्हणून आलेला भंगारवाला. सगळ्यांचे कपडे चांगले आहेत, सगळे घाईत आहेत, बहुतेक जण इंग्रजीत बोलत आहेत. यांतल्या कोणाला त्या पत्र्याला हात लावू द्यायचा हे त्या हवालदाराने ठरवायचे आहे. एखादा पुरावा इकडचा तिकडे झाला, तर ती मुलगी का पडली ते कधीच कळणार नाही, आणि तीच चूक पुढच्या मुलीच्या विमानात तशीच राहील. त्या हवालदाराजवळ नमुना-पत्र कसे दिसते त्याचे एखादे चित्र असते काय? कोणत्या क्रमांकावर विचारायचे ते त्याला दिलेले असते काय?

व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते. आमच्या भागातले पालक त्यासाठी कर्ज काढतात, बागायतीचा तुकडा विकतात. त्या दोनशे तासांचा हिशेब एका वहीत असतो आणि वही खरी की खोटी हे पाहणारा माणूस म्हणजे निरीक्षक. २०११मध्येच राजस्थानात न उडालेले तास वहीत चढवल्याची प्रकरणे बाहेर आली होती. खोट्या तासांवर मिळालेला परवाना घेऊन कोणीतरी विमानात बसते, आणि त्याच्यामागे आपण बसतो.

विद्यार्थ्याला आम्ही उत्तर काय दिले ते सांगायचे राहिले. आम्ही त्याला म्हटले, गावाने तीन गोष्टी विचारायला हव्या होत्या : तू कोण, तुला कोणी पाठवले, आणि ज्याने पाठवले त्याला मी आत्ता विचारू का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याच्याकडून घे, तिसऱ्याचे त्याच्याकडून घेऊ नकोस. क्रमांक त्याने दिलेला नको. कार्यालयाचा जाहीर क्रमांक आधीच वहीत लिहून ठेव. खरा निरीक्षक रागावला तर रागावू दे. भारतीय न्याय संहितेच्या २०४व्या कलमात सरकारी नोकराचे सोंग घेणाऱ्याला तुरुंग आहे. खऱ्याला थांबवून नाव विचारणाऱ्याला त्यात काही सांगितलेले नाही.

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, ‘‘सर, हे सगळे करीन. पण गाडी दहा मिनिटे उन्हात उभी राहिली म्हणून मला काढणार नाहीत, असे कोणी लेखी देईल का?’’

आम्हांला जिन्याजवळचा आमचा शिपाई आठवला. आम्ही त्याला सांगितले, तुझ्या वरिष्ठांना विचारून पाहा.

परवा पुन्हा बोलणे झाले. अजून तरी कोणी लेखी दिलेले नाही.